स्थलांतरातला देवमासा जेवतो की नाही, हे त्याच्या बुडीला विचारा

प्रश्न ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आहे. नववीच्या मुलांनी तो त्यांना वर्गात विचारला. देवमासे स्थलांतरात महिनोन्‌महिने उपाशी राहतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग वाटेत ते शेकडो मीटर खोल बुड्या कशाला मारतात? आपल्या अरबी समुद्रातले देवमासेही ध्रुवाकडे ये-जा करतात का? आणि ठाण्याच्या खाडीत ते कधी येतात का?

बाई, मुलांनी प्रश्न बरोबर जागी बोट ठेवून विचारला आहे. नुसता प्रवास करणारा देवमासा फारसा खोल जातच नाही. खोल गेला, तर बहुतेक वेळा जेवायला गेलेला असतो. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या समुद्रात एका पिग्मी ब्लू व्हेलच्या अंगावर संशोधकांनी टॅग, म्हणजे बुडीची खोली नोंदवणारं छोटं यंत्र, बसवला आणि तो आठवडाभर टिकला. नावाला पिग्मी, पण ही जात चोवीस मीटरपर्यंत वाढते. या व्हेलच्या प्रवासातल्या बुड्यांची सरासरी खोली होती जेमतेम १४ मीटर, आणि जवळजवळ सगळ्या बुड्या २४ मीटरच्या आत संपल्या. तोच प्राणी जेवायला लागला की शंभर-सव्वाशे मीटर खाली जात होता, आणि एकदा तर ५०० मीटरच्याही पलीकडे गेला. एकाच देवमाशाच्या एकाच आठवड्यातल्या या नोंदी आहेत. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

मग १४ मीटर तरी का? पृष्ठभागावरूनच का पोहत नाही? कारण पृष्ठभागाला लागून पोहणारं मोठं शरीर लाटा उठवतं आणि त्या लाटा उठवण्यात ताकद वाया जाते. शरीराच्या जाडीच्या साधारण तिप्पट खोलीवर गेलं की हा विरोध जवळपास नाहीसा होतो. ब्लू व्हेलसाठी ती खोली दहा-बारा मीटरच्या आसपास येते. म्हणून प्रवासी देवमासा श्वास घ्यायला वर येतो, पुन्हा त्या थराच्या जरा खाली उतरतो आणि सरळ रेषेत चालत राहतो. टॅगच्या आलेखात या बुड्या उथळ आणि सपाट तळाच्या दिसतात.

जेवणाच्या बुडीचा आलेख अगदी निराळा असतो. प्राणी तीव्र कोनात खाली उतरतो, आणि तळाशी गेल्यावर रेघ चार-पाच वेळा दातेरी होते. प्रत्येक दाता म्हणजे एक झेप. ब्लू, फिन, हंपबॅक, ब्रायड्स या सगळ्यांच्या गळ्यावर लांबलांब घड्या असतात. देवमासा वेग घेऊन क्रिलच्या (कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवांच्या) किंवा माशांच्या थव्यात घुसतो, तोंड जवळजवळ काटकोनात उघडतो, आणि पाण्याच्या दाबाने त्या घड्या उलगडतात. फिन व्हेलवर झालेल्या मोजमापानुसार साधारण सहा सेकंदांत सत्तर टनांच्या घरात पाणी तोंडात येतं. म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त! मग तोंड मिटून ते पाणी वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या बलीनच्या पट्ट्यांतून बाहेर ढकलायचं. या पट्ट्या केराटिनच्या असतात, आपल्या नखांसारख्याच. पाणी गाळायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. मग पुढची झेप. मुलं हमखास विचारतील की एवढं पाणी घशात कसं जात नाही. २०२२ साली फिन व्हेलच्या घशात चरबी आणि स्नायूंचा एक गोळा सापडला. तोंड भरलेलं असताना तो घशाकडे जाणारी वाट बंद ठेवतो आणि गिळताना बाजूला सरकतो.

आता यातला हिशोब बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. तोंड उघडलं की पाण्याचा प्रचंड विरोध होऊन देवमासा जवळजवळ थांबतो. पुढच्या झेपेसाठी त्याला शून्यातून वेग घ्यावा लागतो, आणि हे सगळं एका श्वासावर. म्हणूनच एवढ्या आकाराच्या प्राण्याला अर्धा तास तरी दम धरता यायला हवा असं गणित सांगत असलं, तरी जेवणाच्या बुड्या बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात. झेपांत ऑक्सिजन भराभर संपतो. क्रिल दाट असेल तर एका बुडीत जास्त झेपा घेऊन खर्च भरून निघतो. क्रिल विरळ असेल तर तो झेपा कमी करतो आणि ऑक्सिजन राखतो. विरळ क्रिलच्या मागे खोल जाणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून ठाण्याहून वाशीच्या एपीएमसीपर्यंत रिक्षा करून जाणं. देवमासा असा व्यवहार करत नाही. लांबच्या प्रवासात तो वाटेवरच्या बहुतेक पाण्यात जेवत नाही, त्याचं पहिलं कारण हे आहे. व्रत वगैरे काही नसतं. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात पाणी स्वच्छ निळं असतं, म्हणजे त्यात अन्न विरळ असतं.

श्वासाचं म्हणाल तर देवमासा हवा फुप्फुसात साठवून खाली जात नाही. खोलीवर फुप्फुसं दाबली जाऊन मिटतातच. ऑक्सिजन असतो रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये, म्हणजे ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनात. मायोग्लोबिन इतकं ठासून भरलेलं असतं की देवमाशाचं मांस काळपट लाल दिसतं. जगात ज्या पहिल्या प्रथिनाची रचना उलगडली ते स्पर्म व्हेलचंच मायोग्लोबिन होतं, आणि त्यासाठी जॉन केंड्र्यू यांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॅक्स पेरुट्झ यांच्यासोबत मिळालं. नववीच्या वर्गात हे सांगण्यासारखं आहे. हृदयाचंही सांगा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात एका ब्लू व्हेलच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र चिकटवलं होतं. बुडीत ठोके मिनिटाला चार ते आठ, कधी दोनपर्यंत खाली. वर आल्यावर पंचवीस ते सदतीस. ही नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

दिवस-रात्रीचा फरकही आलेखात दिसतो. क्रिल दिवसा अंधाऱ्या थरात दाट थव्याने राहतं आणि रात्री वर येऊन पांगतं. त्यामुळे ब्लू व्हेलच्या खोल, झेपांच्या बुड्या मुख्यतः दिवसा होतात. रात्री तो पृष्ठभागाजवळ रेंगाळतो, आणि जहाजाची धडक बसण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो.

आता उपासाकडे येऊ. ग्रे व्हेल हे पुस्तकातलं आदर्श उदाहरण. उन्हाळ्यात बेरिंग आणि चुक्ची समुद्रात ते कुशीवर वळून तळाचा गाळ ओढतात आणि त्यातले बारीक कवचधारी प्राणी खातात. तिथला समुद्र उथळ, पन्नासेक मीटरचा, म्हणून बुड्याही उथळ. तिथून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत जाऊन पिल्लं घालतात आणि परततात. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटर, बहुतेक सगळं चरबीवर. वार्व्हारा नावाच्या एका मादीची रशियातल्या साखालिनपासून मेक्सिकोपर्यंत आणि परत अशी २२,५११ किलोमीटरची वाट उपग्रहाने नोंदवली आहे, १७२ दिवसांची. या चरबीच्या वहीत जमा कमी पडली तर काय होतं तेही आपण पाहिलं. आर्क्टिकमधलं अन्न घटल्यावर २०१९ पासून ग्रे व्हेल मोठ्या संख्येने मेले. २०१६ मध्ये पूर्व पॅसिफिकमधली त्यांची संख्या सुमारे सत्तावीस हजार होती, २०२३ पर्यंत ती साडेचौदा हजारांवर आली. रोडावलेले प्राणी वाटेतच किनाऱ्याला लागत होते.

पण उपास म्हणजे तोंडाला कुलूप असं मुलांनी समजू नये. वाटेत पान वाढलेलं दिसलं तर देवमासा थांबतो. अटलांटिकमध्ये उत्तरेकडे निघालेले ब्लू आणि फिन व्हेल वसंतात अझोर्स बेटांजवळ मुक्काम करून जेवतात, हे उपग्रह टॅगवरून दिसलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला २०११ नंतर हंपबॅकचे वीसपासून दोनशेपर्यंतचे जमाव एकाच जागी जेवताना दिसले. तेही अंटार्क्टिकापासून इतक्या दूर, जिथे ते फक्त वाटसरू असतील असं आधी धरलं जायचं. तिथे थंड पाणी खालून वर येतं आणि क्रिल माजतं. सरळ धावणारी उपग्रहाची रेघ अशा जागी घुटमळते, गाठी घालते, आणि बुड्यांचा आलेख दातेरी होतो.

थांबायचं कुठे, हे त्यांना कसं कळतं? उत्तर पॅसिफिकमधल्या ब्लू व्हेलच्या दहा वर्षांच्या टॅग-नोंदी २०१९ मध्ये तपासल्या गेल्या. त्या वर्षी प्लवकांचा बहर कुठे आहे यापेक्षा तो दरवर्षी साधारण कुठे आणि कधी असतो, याच्याशी त्यांची वाटचाल जास्त जुळली. म्हणजे ते आठवणीवर चालतात. समुद्र वर्षानुवर्षं एका चालीने वागतो तोवर ही पद्धत उत्तम. तापमान वाढून बहराचं वेळापत्रकच सरकलं, तर मात्र आठवण दगा देऊ शकते.

एक सावधगिरी. खोल बुडी म्हणजे जेवणच, असं प्रत्येक वेळी नसतं. दक्षिण पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांजवळ, हंपबॅकच्या प्रजननाच्या भागात, टॅग लावलेले प्राणी ६०० मीटरपर्यंत उतरले आहेत. म्हणून मी नुसता खोलीचा आकडा कधी मानत नाही. तळाशी दाते दिसले पाहिजेत. शेपटीच्या आणि अंगाच्या हालचाली टिपणारे त्वरणमापक आता टॅगमध्येच असतात, त्यावर झेप वेगळी ओळखता येते.

दातवाल्या देवमाशांचं सगळंच वेगळं. स्पर्म व्हेल म्हाकुलांमागे चारशे ते बाराशे मीटर खाली जातो, पाऊण तास खालीच राहतो, टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीने भक्ष्य शोधतो. त्याला ऋतूची सुगी लागत नाही, खोल समुद्र लागतो. माद्या पिल्लांसह उष्ण पाण्यात राहतात आणि मोठे नर एकेकटे ध्रुवांकडे जातात. क्युव्हिएचा चोचीचा देवमासा तर त्यालाही मागे टाकतो. त्याची नोंदलेली सर्वांत खोल बुडी २,९९२ मीटरची आणि सर्वांत लांब बुडी २२२ मिनिटांची.

ठाणे-कल्याण पट्ट्यात अधूनमधून ‘व्हेलची उलटी’ विकताना कोणी पकडल्याच्या बातम्या येतात. ती याच स्पर्म व्हेलची. म्हाकुलाच्या न पचलेल्या चोचींभोवती आतड्यात तयार होणारा तो घट्ट पदार्थ आहे, आणि तोंडातून ओकला जातो हा समज बहुधा चुकीचाच आहे. भारतात त्याचा व्यापार हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कोटींचे आकडे वाचून मुलांचे डोळे चमकतात, म्हणून हेही वर्गात सांगून टाका.

आता आपला समुद्र. इथे पुस्तकी नकाशा बाजूला ठेवावा लागतो. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाट नाही, वर जमीन आहे. पण त्याला मान्सून आहे. नैऋत्य वारे सुरू झाले की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं आणि ध्रुवीय उन्हाळ्यासारखी सुगी तिथेच होते. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचं पृष्ठजल गार होऊन खाली बसतं, पाणी ढवळलं जातं आणि पुन्हा बहर येतो.

म्हणून इथल्या हंपबॅकना अंटार्क्टिकाला जायची गरजच पडली नाही. जगातले बाकीचे हंपबॅक लांबचे प्रवासी, हे मात्र बारमाही अरबी समुद्रात. जनुकीय अभ्यासानुसार सुमारे सत्तर हजार वर्षं ते इतरांपासून तुटलेले आहेत. ओमानजवळ त्यांची संख्या ८० च्या आसपास मोजली गेली. आपल्याला त्यांच्या आहाराबद्दल जे ठोस माहीत आहे त्याचा मोठा भाग एका काळ्या प्रकरणातून आला. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात बेकायदा शिकार करून सुमारे २४० हंपबॅक मारले. सोव्हिएत राजवट गेल्यावर त्या नोंदी बाहेर आल्या. पोटांत बांगडे आणि तारलीच्या जातीचे मासे होते, क्रिलही होतं. उष्ण पाण्यात भर नोव्हेंबरात पोट भरलेलं!

हे प्राणी एका जागी बसून राहतात असंही नाही. ओमानजवळ टॅग लावलेली लुबान ही मादी २०१७ च्या डिसेंबरात सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. म्हणजे इथलं स्थलांतर उत्तर-दक्षिण होण्याऐवजी पूर्व-पश्चिम झालं. ब्लू व्हेलबद्दलही संशोधक चार्ल्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असाच आराखडा मांडला. पावसाळ्यात सोमालिया-ओमानकडे, मग मालदीव आणि श्रीलंकेकडे, उन्हाळ्याच्या तोंडावर परत पश्चिमेला. लक्षद्वीपजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांत दिव्या पणिक्कर आणि केट स्टॅफर्ड या संशोधकांना ब्लू व्हेलचं गाणं मिळालं. भारतीय पाण्यातली ती पहिली नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

श्रीलंकेचे ब्लू व्हेल काय खातात, हे ऐकून कोळीवाड्यातली मुलं खूश होतील. आशा डी व्होस आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या विष्ठेतल्या डीएनएची तपासणी केली, तेव्हा क्रिलपेक्षा सर्जेस्टिड कुळातली बारीक कोळंबी जास्त सापडली. आपला जवळा याच कुळातला. चेंदणीच्या बाजारात जो वाट्याने मिळतो, त्याच्याच नातेवाइकांवर जगातला सर्वांत मोठा प्राणी पोसला जातो. ईशान्य पॅसिफिकमधला ब्लू व्हेल जेवणाच्या दिवसांत रोज सरासरी सोळा टन क्रिल खातो, असा अंदाज २०२१ मध्ये आला होता. त्यावरून भुकेची कल्पना येईल.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला मात्र मोठ्या देवमाशांपैकी ब्रायड्स जास्त भेटतो. तो लांबचं स्थलांतर करत नाही, तारलीच्या थव्यांमागे उष्ण समुद्रातच फिरतो. जेवणाची रीत बदलायला तो हुशार आहे. थायलंडच्या आखातात खालच्या थरात ऑक्सिजन कमी असतो आणि मासे पृष्ठभागाला चिकटून राहतात. तिथले ब्रायड्स डोकं पाण्याबाहेर काढून, तोंड उघडं ठेवून नुसते उभे राहतात आणि मासे आत येऊन पडतात. झेप नाही, बुडी नाही, खर्च जवळजवळ शून्य.

ठाण्याच्या खाडीत येतात का? जिवंत, धडधाकट मोठा देवमासा यायचं कारण नाही. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, तिथे वीस मीटरचा प्राणी वळणार कुठे! मुंबईसमोर खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, इतका रुंद आहे की किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रातही पाणी ७५-८० मीटरच आहे. स्पर्म व्हेलच्या बुडीला लागणारी खोली त्याच्याही खूप पलीकडे. किनाऱ्याला लागतात ते आजारी, जखमी, आईपासून चुकलेले किंवा मेलेले. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्लू व्हेल लागला, जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्रायड्स. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेलं पिल्लू लोकांनी आणि यंत्रणांनी खूप खटपट करून समुद्रात सोडलं, पण पुढे ते दगावलं. दूध पिणारं पिल्लू आईविना परत पाण्यात सोडलं तरी त्याला जेवायला कोण घालणार? ब्लू व्हेलच्या पिल्लाचं वजन दुधावर दिवसाला सुमारे ९० किलोने वाढतं. प्रेक्षकांना हा भाग पटत नाही आणि सुटका करणाऱ्यांवर ते उगाच चिडतात. मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतो तो मात्र बरेचदा देवमासा नसतो, व्हेल शार्क असतो. तो मासा आहे, त्याची शेपटी उभी असते. देवमाशाची आडवी. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य सरकारची योजना २०१८ पासून आहे. बंदरावर अजून सगळ्यांना ती माहीत नसते.

वर्गातल्या कोणाला मालवण-देवगडकडे बोटीवर जायची संधी मिळाली, तर टॅगशिवायही काही गोष्टी कळतात. एका दिशेने ठरावीक अंतराने फवारा उडत गेला आणि शेपटी वर आली नाही, तर प्रवास चालू आहे. फवारे एकाच भागात चारी दिशांना उडत असतील, पक्षी घिरट्या घालत असतील, प्राणी कुशीवर वळत असेल, तर जेवण चालू आहे. पाण्यात तांबूस-नारिंगी ढग दिसला तर शंकाच नको, ती विष्ठा आहे आणि जेवण नुकतंच झालेलं आहे. तांडेलाला पक्ष्यांचं तुमच्या-माझ्या आधी दिसतं, त्याला विचारावं. दोन फवाऱ्यांमधला वेळ घड्याळात बघून वहीत लिहायला सांगा. बोट शंभर मीटरच्या आत नेऊ नये, आणि प्राण्याच्या पुढून तर मुळीच नको. झेपेसाठी वेग घेत असलेल्या देवमाशाची वाट अडवली तर त्याची अख्खी बुडी फुकट जाते.

शेवटी एक नवी मुंबईचा धागा, कारण मुलांना तो जवळचा वाटेल. न्हावा-शेवाहून सिंगापूरकडे निघालेली कंटेनर जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडला वळसा घालून जातात. तोच जगातल्या गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक आहे आणि ब्लू व्हेलच्या जेवणाची जागाही नेमकी तीच. बुडी संपवून श्वास घ्यायला वर आलेला प्राणी तिथे जहाजाखाली सापडतो. मार्ग जरा दक्षिणेला सरकवला तर धडका खूप कमी होतील, असं संशोधक सांगत आले आहेत. एमएससी या जहाज कंपनीने २०२२ मध्ये स्वतःहून आपली जहाजं तिथे दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. नकाशावर न्हावा-शेवा ते सिंगापूर रेघ मारून मुलांनाच विचारा, एवढ्या वळशाने किती अंतर वाढतं. दहावीच्या भूमितीची तयारीही होईल.